बाटलीभर ज्वारी

शहापूरहून सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर किन्हवली लागते. आजूबाजूला भातखाचरे, त्यांच्या कडेने साग-ऐनाची राने आणि पूर्वेला सह्याद्रीची रांग. या पट्ट्याला अळंबी नवी नाही. पावसाने जोर धरला की रानातल्या वारुळांवर आणि वारुळांच्या आसपास ती वर येते. ठाकूर आणि कातकरी बायकांना तिच्या जागा पाठ असतात. पहाटे खुडून आणलेली अळंबी पानांवर वाटे लावून विकली जाते. ज्यांनी ती कांदा-खोबऱ्यात परतून तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्ली आहे, त्यांना लागवडीची अळंबी सुरुवातीला सपक वाटते, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

पण वारुळाची ती अळंबी माणसाच्या हाती पिकत नाही. तिची शेती वाळवी करते. चावून, पचवून बाहेर टाकलेल्या पालापाचोळ्याचे जाळीदार थर वाळवी वारुळात रचते आणि त्यांवर ही बुरशी वाढवते. शास्त्रज्ञ या गटाला टर्मिटोमायसेस म्हणतात. गोवा विद्यापीठात नंदकुमार कामत यांनी या अळंब्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि त्या वाचवण्यासाठी वारुळे वाचवा, असे ते सतत सांगत आले. वाळवीला वगळून या अळंबीची व्यापारी लागवड अजून कोणाला साधलेली नाही. म्हणून घरी पिकवायची तर वाळवीची गरज नसलेली, मेलेल्या लाकडावर आणि काडावर स्वतःच्या बळावर जगणारी अळंबी हवी. धिंगरी तशी आहे. तिचे शास्त्रीय नाव प्लुरोटस. लाकडाला आणि काडाला कठीणपणा देणारे लिग्निन फार थोड्या जीवांना पचते, त्यांत ही एक. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाकिया बानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 साली भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढवून दाखवली. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत पेंढ्याला तोटा नाही. गुरांना पुरून उरलेला तबेल्यांकडे जातो किंवा पडून कुजतो.

पेंढा आहे, ओलावा आहे, हिवाळ्यात हवाही बरी असते. अडते ते बियाण्यापाशी. अळंबीचे बियाणे म्हणजे स्पॉन : शिजवून निर्जंतुक केलेल्या धान्यावर वाढवलेले बुरशीचे जिवंत तंतू. ते भाताच्या बियाण्यासारखे कणगीत वर्षभर ठेवता येत नाही. ते श्वास घेते, उष्णता बाहेर टाकते, अन्न संपले की म्हातारे होते. मे महिन्यात एसटीच्या टपावर बांधून आणलेली स्पॉनची पिशवी किन्हवलीला पोहोचेपर्यंत निम्मी मेलेली असू शकते. धिंगरीचे तंतू 40 अंशांच्या आसपास टिकत नाहीत, आणि बंद पिशवीच्या मध्यभागी बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंश जास्तच असतात. पिशवीवरून ते कळतही नाही. पेंढ्यात मिसळल्यावर आठ दिवसांनी कळते, तोवर त्या पेंढ्यावर हिरवी बुरशी बसलेली असते. गावातल्या एखाद्या बचत गटाने अळंबीचा प्रयोग केला आणि सोडून दिला, असे ऐकले की मी आधी बियाणे कुठून आणि कसे आले ते विचारतो. माझ्या मते निम्मे प्रयोग तिथेच बुडालेले असतात. म्हणून स्पॉन गावातच तयार व्हावे. ते स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरमध्ये होऊ शकते.

धान्यावर स्पॉन करण्याची कल्पना शंभर वर्षांचीही नाही. युरोपात बटण अळंबी पिकवणारे लोक पूर्वी जुन्या वाफ्यातले तंतू भरलेले खतच नव्या वाफ्यात टाकत. त्याबरोबर किडे, रोग आणि परक्या बुरश्याही जात. 1894 साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कोस्टँटिन आणि मात्रुशो यांनी पहिल्यांदा शुद्ध स्पॉन तयार केले. 1905 मध्ये अमेरिकेत डग्गर यांनी अळंबीच्याच गराचा तुकडा घेऊन त्यापासून शुद्ध वाण वाढवता येतो हे दाखवले. तरीही स्पॉन खतावरच वाढवले जाई, ढेकळांच्या रूपात. ढेकूळ जिथे पडे तिथे तंतू, मधली जागा रिकामी. 1932 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जेम्स सिंडेन यांनी निर्जंतुक केलेल्या धान्यावर स्पॉन वाढवण्याचे पेटंट घेतले. प्रत्येक दाणा सुटा, प्रत्येकावर तंतू आणि प्रत्येकाच्या पोटात तंतूंसाठी शिदोरी. पेरले की हजारो ठिकाणांहून एकदम वाढ सुरू होते. जगभरचे बहुतेक स्पॉन आजही याच पद्धतीने होते.

सिंडेनने राय आणि गव्हावर काम केले. आपल्याकडे ज्वारी वापरतात, आणि तो निर्णय मला अगदी योग्य वाटतो. एक किलो गव्हात साधारण 25 हजार दाणे भरतात, ज्वारीत 30 ते 40 हजार, बाजरीत लाखाच्या घरात. दाणा जितका लहान, तितकी वाढ सुरू होण्याची ठिकाणे जास्त. मग बाजरीच का नको? लहान दाणे एकमेकांना चिकटून बसतात, मधली हवा कमी होते आणि शिजवण्याचा अंदाज चटकन चुकतो. हात बसल्यावर बाजरीही चालते. किन्हवलीत पिकतो तो तांदूळ मात्र यासाठी गैरसोयीचा. कोंडा काढलेला तांदूळ शिजला की लगदा होतो. साळीचे भात वापरता येते, पण टरफलात हवा अडकते आणि पाणी आत शिरायला वेळ लागतो. ज्वारी इथल्या शिवारात होत नाही, घाटावरून येते, तरी नव्या माणसाने तिच्यापासूनच सुरुवात करावी. ज्वारी जुनी, किडलेली किंवा पावडर लावलेली नको. पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे तर मुळीच नको, कारण ते औषध बुरशी मारण्यासाठीच लावलेले असते.

ज्वारी निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घालायची. सकाळी पाणी बदलून 20 ते 30 मिनिटे उकळायची. सगळी कला इथे आहे. दाणा आतपर्यंत मऊ व्हायला हवा, पण फुटता कामा नये. दोन बोटांत दाबला की चपटा व्हावा, मध्ये पांढरा कोरडा कण दिसू नये. दाणा फुटला की पीठ बाहेर येते, दाणे गोळा होतात आणि त्या चिकट ओलीत जिवाणूंची चंगळ होते. बरेच दाणे फुटले असतील तर ती ज्वारी कोंबड्यांना घालून पुन्हा सुरुवात करावी, पुढे सगळी बाटली वाया घालवण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

मग चाळणीत निथळून स्वच्छ कापडावर पातळ पसरायची. हवे असते आत ओला आणि बाहेर कोरडा दाणा. मूठभर दाणे कोऱ्या कागदावर टाकून पाहावे, कागदावर ओला डाग उमटला तर अजून सुकू द्यावी. अशा दाण्यात 45 ते 50 टक्के पाणी असते. एक किलो कोरड्या ज्वारीचे या टप्प्यावर दीड किलोहून थोडे जास्त वजन भरते, त्यामुळे ज्याच्याकडे तराजू आहे त्याला अंदाजावर विसंबावे लागत नाही. त्यात किलोला 20 ग्रॅम जिप्सम आणि 5 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट चोळायचे. जिप्सममुळे दाणे सुटे राहतात, कॅल्शियम कार्बोनेटमुळे आंबटपणा वाढत नाही. जिप्सम खताच्या दुकानात मिळते. त्याऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा भिंतीचा चुना घालू नये. प्लास्टर पाणी शोषून घट्ट होते आणि चुना फार तीव्र असतो.

हे दाणे जाड काचेच्या बाटलीत किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या पिशवीत भरायचे, दोन तृतीयांशापर्यंतच. वरची जागा पुढे हलवण्यासाठी लागते. नेहमीची पॉलिथिनची पिशवी कुकरच्या उष्णतेत वितळते. पॉलिप्रॉपिलिन 160 अंशांपर्यंत टिकते, ती दुकानदाराकडून नीट विचारून घ्यावी. तोंडाला कापसाचा घट्ट बोळा. हा कापूस दवाखान्यातला, पाणी शोषणारा नको. तो वाफेने ओला होतो आणि ओल्या कापसातून जिवाणू सहज आत उतरतात. गादीत भरतात तो साधा, पाणी न शोषणारा कापूस हवा. त्यावर कागद किंवा ॲल्युमिनियमची फॉइल बांधायची, म्हणजे झाकणाचे पाणी बोळ्यावर ठिबकत नाही.

इतके उकळल्यावर पुन्हा कुकर कशाला, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. त्याचे उत्तर गवतात सापडले आहे. 1876 साली जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनंड कोन यांनी वाळल्या गवताच्या काढ्यात वाढणाऱ्या जिवाणूचा अभ्यास केला. त्या जिवाणूला बॅसिलस सबटिलिस म्हणतात. हा जिवाणू संकटात कठीण कवचाचे बीजाणू करतो आणि ते पाण्याच्या उकळीतही मरत नाहीत, हे कोन यांनी दाखवले. त्याच सुमारास लंडनमध्ये जॉन टिंडल हैराण होते. आधी पाच मिनिटांच्या उकळीने त्यांचे काढे शुद्ध राहत, पण प्रयोगशाळेत गवताचा भारा आल्यापासून तासन्तास उकळूनही सडू लागले. टिंडल यांनी यावर 1877 मध्ये सुंदर तोड काढली. एकदाच खूप उकळण्याऐवजी थोडे उकळायचे, मग सोडून द्यायचे. मधल्या वेळात बीजाणू परिस्थिती बरी आहे असे समजून उगवतात, कवच टाकतात. मग पुन्हा उकळले की मरतात. असे तीन-चार वेळा केले की एकही उरत नाही.

किन्हवलीच्या घरात गवत आणि पेंढा बारमाही असतो, म्हणजे टिंडल यांना छळणारा जिवाणू इथे घरचाच आहे. ज्वारी रात्रभर भिजवण्याचे खरे कारणही हेच. उबदार पाण्यात बरेचसे बीजाणू जागे होतात आणि सकाळच्या उकळीत मरतात. जे झोपलेलेच राहतात त्यांच्यासाठी 121 अंश लागतात, आणि ते कुकरमध्ये 15 पौंड दाबाला मिळतात. शेतकऱ्याला यातले तत्त्व नवे नाही. ठाणे जिल्ह्यात भाताची रोपे टाकण्याआधी शेण, टहाळ, पालापाचोळा रचून राब भाजतात, त्यात तणाचे बी जळते आणि पेरलेल्या भाताला मोकळी जमीन मिळते. कुकरमधली बाटली हा तसाच भाजलेला राब आहे, फक्त इथे एक जरी परके बी उरले तरी ते चार दिवसांत सगळी बाटली व्यापते.

कुकरच्या तळाला जाळी ठेवून त्यावर बाटल्या, खाली भरपूर पाणी. शिट्टी लगेच बसवू नये. आठ-दहा मिनिटे वाफ मोकळी वाहू द्यावी. आत हवा अडकली तर दाब दिसतो तेवढाच, पण तापमान कमी राहते. मग शिट्टी ठेवून दाब आला की आच अगदी मंद करून दीड तास. द्रव पदार्थाला पंधरा मिनिटे पुरतात, पण घट्ट भरलेल्या दाण्यांच्या मध्यापर्यंत उष्णता हळूहळू पोहोचते. एवढ्या वेळात पाणी आटते, म्हणून पहिल्याच वेळी कुकर केवळ पाण्यावर दीड तास चालवून किती पाणी उरते ते पाहून ठेवावे. कोरडा पडलेला कुकर धोक्याचा. शेवटी आपोआप थंड होऊ द्यावा. घाईने वाफ काढली तर बोळे उडतात, काच तडकते. कुकर नसेल तर टिंडल यांच्या पद्धतीने तीन दिवस रोज तासभर वाफवता येते. वेळ जातो, आणि खात्री कुकरइतकी नसते.

बाटल्या पूर्ण थंड झाल्या की त्यांत मूळ स्पॉन सोडायचे. इथे माझा स्पष्ट सल्ला आहे की अळंबीच्या तुकड्यापासून बटाटा-आगरच्या माध्यमावर वाण वाढवण्याच्या फंदात घरी पडू नये. ते प्रयोगशाळेचे काम आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे. तिथे प्रशिक्षण मिळते आणि खात्रीचे बियाणेही. सोलनच्या राष्ट्रीय संस्थेशी जोडलेल्या देशभरच्या केंद्रांपैकी ते एक. तिथून मास्टर स्पॉनची बाटली आणायची आणि तिच्यापासून एकदाच पुढे वाढवायचे. 300 ग्रॅमच्या बाटलीतून चमचा-चमचा दाणे घालून पंधरा-वीस बाटल्या सहज होतात.

हे काम खळ्यापासून लांब, बंद खोलीत करावे. झोडणी चालू असते तेव्हा हवेत पेंढ्याची धूळ तरंगत असते आणि तिच्या प्रत्येक कणावर बुरशीचे बीजाणू असतात. त्या दिवशी ज्याने पेंढ्याला हात लावला त्याने बाटलीला लावू नये. पंखा बंद, दारे-खिडक्या बंद, अंघोळ करून धुतलेले कपडे. पारदर्शक प्लास्टिकचे मोठे खोके आडवे करून हात जाण्यापुरती दोन भोके पाडली की आतली हवा स्थिर राहते. बीजाणू वाऱ्याने हलतात, स्थिर हवेत खाली बसतात, एवढेच या खोक्याचे शास्त्र. हात आणि चमचा 70 टक्के अल्कोहोलने पुसावा. त्यापेक्षा तीव्र अल्कोहोल कमी प्रभावी ठरते, कारण जंतूंची प्रथिने मोडायला थोडे पाणीही लागते. आणि हे लक्षात ठेवावेच : अल्कोहोल वापरलेल्या बंद खोक्यात दिवा पेटवू नये, भडका उडतो. स्पिरिटचा दिवा वापरायचा तर उघड्या टेबलावर, हात पूर्ण वाळल्यावर.

बाटल्या अंधाऱ्या, 25 अंशांच्या आसपासच्या जागी ठेवायच्या. पत्र्याच्या छपरापेक्षा मातीच्या भिंतींची, कौलारू खोली चांगली. तीन-चार दिवसांत दाण्यांभोवती पांढरे तंतू दिसतात. सात-आठ दिवसांनी बाटली हलवून दाणे सुटे करायचे. तंतू तुटतात, पण प्रत्येक तुटके टोक नव्याने वाढते आणि पुढची वाढ झपाट्याने होते. पंधरा ते वीस दिवसांत बाटली पांढरी होते.

जिच्यात बिघाड झाला ती बाटली फेकण्याआधी नीट पाहावी. हिरवा डाग ट्रायकोडर्माचा, काळी पूड अॅस्परजिलसची, गुलाबी-केशरी फुगवटा न्यूरोस्पोराचा, आणि दाणे ओले, चकचकीत, वास आंबूस असेल तर जिवाणू. डाग कुठे आहे त्यावरून चूक कळते. बोळ्याजवळ असेल तर बोळा ओला झाला किंवा सोडताना हवा शिरली. तळापासून सगळीकडे, आणि सगळ्या बाटल्यांत सारखा असेल तर कुकरचा वेळ किंवा दाब कमी पडला. फक्त सोडलेल्या दाण्यांभोवती असेल तर मास्टर बाटलीतच दोष आहे आणि तिच्यापासून केलेली प्रत्येक बाटली संशयित. बिघडलेली बाटली घरात उघडू नये, कोट्यवधी बीजाणू खोलीभर होतात. तशीच पुन्हा कुकरमध्ये शिजवावी, मग उकिरड्यावर रिकामी करावी.

तयार स्पॉन दोन-तीन आठवड्यांत वापरले तर उत्तम. धिंगरीचे फ्रिजमध्ये महिनाभर तग धरते. पेंढ्यावरची उन्हाळी अळंबी, व्होल्व्हेरिएला, मात्र याला अपवाद. ती उष्ण मुलखातली, फ्रिजच्या थंडीत तिचे तंतू मरतात. बाटलीत पिवळे पाणी साठले किंवा आतच अळंबीची लहान बोंडे धरली, तर ते स्पॉन म्हातारे झाले असे समजावे.

पेंढा परतीच्या पावसात न भिजलेला, नव्या हंगामाचा घ्यावा. तुकडे करून रात्रभर भिजवून 80 अंशांच्या पाण्यात तासभर बुडवावा. कार्बेन्डाझिम आणि फॉर्मॅलिनच्या पाण्यात भिजवण्याचीही रूढ पद्धत आहे, पण घरच्या पातेल्यांत आणि घरच्यांनी खायच्या पिकाला मी ती सुचवणार नाही. चूल आणि ड्रम असताना तिची गरजही नाही. निथळलेल्या पेंढ्याच्या वजनाच्या 2 ते 3 टक्के स्पॉन थरांमध्ये पेरायचे. एक किलो ज्वारीपासून झालेले स्पॉन सुमारे 20 किलो कोरड्या पेंढ्याला पुरते, आणि दर किलो कोरड्या पेंढ्यामागे सगळे जमले तर अर्धा ते एक किलो अळंबी येते. काढणी छत्रीच्या कडा वर वळण्याआधी करावी. उशीर झाला की बीजाणूंची पांढरी धूळ खोलीत भरते आणि काहींना तिने खोकला, दमा होतो.

प्रत्येक बाटलीवर तारीख, वाण आणि पिढी लिहावी : पुण्याहून आलेली मास्टर ती पहिली, तिच्यापासून घरी केलेली दुसरी. दुसरीपासून तिसरी, तिसरीपासून चौथी करण्याचा मोह होतो, कारण ती फुकट मिळते. पण दर वेळी थोडी लपलेली घाण पुढे जाते आणि वाणही हळूहळू थकतो : तंतू वाढतात, अळंबी कमी लागते. दर हंगामाला, ऑक्टोबरमध्ये, नवी मास्टर आणावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा किन्हवलीत धिंगरीचा काळ. मार्च सरताना पारा चढला की ती थांबवावी आणि 30 ते 35 अंशांत येणारी दुधी अळंबी घ्यावी. तिचे स्पॉन याच पद्धतीने, याच ज्वारीवर होते. पेंढ्याची पिशवी पांढरी झाल्यावर मात्र तिला वरून निर्जंतुक मातीचा थर द्यावा लागतो, त्याची कृती पुढच्या प्रकरणात.